चौकशी त्यांची, तपासणी न्यायालयाची: व्यावसायिक परिषदांच्या कारवाईविषयी वाचकांचे प्रश्न

डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट, वकील, फार्मासिस्ट यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या परिषदांविषयी विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. जवळपास प्रत्येक पत्रात एक अपेक्षा आहे: उच्च न्यायालयाने सगळे प्रकरण नव्याने तपासून खरे-खोटे सांगावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय हे काम करत नाही. परिषदेला अधिकार होता का, तिने तो कायद्याने आखलेल्या रीतीने वापरला का, दुसरी बाजू ऐकली का आणि निर्णयाची कारणे दिली का, हे ते पाहते. त्यामुळे न्यायालयात काय टिकेल ते बरेचसे चौकशीच्या खोलीतच ठरून गेलेले असते. पुढची उत्तरे या नजरेने वाचावीत.

प्रश्न : मी धंतोलीत सर्जन आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनवरून रुग्णाच्या नातेवाइकांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आहे. पंधरा दिवसांत खुलासा द्या, अशी नोटीस आली. तक्रारीत एका तज्ज्ञाच्या अभिप्रायाचा उल्लेख आहे, पण तो मला दिलेला नाही. थेट नागपूर खंडपीठात जाऊन नोटीस रद्द करून घेता येईल का?

बहुतेक नाही. उलट घाई केलीत तर पंधरा दिवस याचिकेच्या तयारीत जातील आणि खुलासा राहून जाईल. भारत सरकार विरुद्ध कुनिसेट्टी सत्यनारायण (२००६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, नुसत्या नोटिशीने कोणाचा हक्क जात नाही. खुलासा पटला तर प्रकरण तिथेच संपू शकते. म्हणून या टप्प्यावर रिट, म्हणजे अनुच्छेद २२६ खालची याचिका, सहसा ऐकली जात नाही.

अपवाद आहेत. ज्याच्यावर कारवाई करायची तो त्या परिषदेच्या नोंदवहीतच नाही, म्हणजे अधिकाराचा मूळ प्रश्न आहे, हा एक. ज्या नियमावर नोटीस उभी आहे तो नियमच कायद्याला किंवा घटनेला सोडून आहे, हा दुसरा. आणि नोटिशीच्या भाषेवरूनच निर्णय आधी झालेला दिसतो, हा तिसरा. ‘आपण दोषी असल्याचे सिद्ध झाले आहे, शिक्षा का करू नये ते कळवा’ असा मजकूर असेल, तर सुनावणी नावापुरती उरते. सीमेन्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००६) आणि ओरिक्स फिशरीज (२०१०) हे निकाल अशा वेळी कामी येतात. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीत यातले काही नाही. तिने फक्त खुलासा मागितला आहे.

मुदतीत दोन स्वतंत्र कागद द्या. पहिला, कागदपत्रे मागणारा अर्ज: तज्ज्ञाचा अभिप्राय, तक्रारीची सर्व जोडपत्रे, तक्रारदाराचा जबाब झाला असल्यास त्याची प्रत. ज्या सामग्रीवर कारवाई उभी आहे ती दाखवलीच पाहिजे, हे तत्त्व टी. टाकानो विरुद्ध सेबी (२०२२) या निकालात स्पष्ट झाले आहे. तिऱ्हाइताची गोपनीय माहिती तेवढी झाकता येते. ते प्रकरण शेअर बाजाराचे असले तरी तत्त्व इथेही मांडता येते. दुसरा कागद खुलाशाचा. ‘अभिप्राय मिळाल्यावर पुरवणी खुलासा देण्याचा हक्क राखून’ अशी ओळ घालून प्रत्येक आरोपाला उत्तर द्या. कागदपत्रे मिळाली नाहीत म्हणून काहीच न बोलणे अंगाशी येते. पुढे परिषद म्हणते की संधी दिली होती, डॉक्टरांनी ती घेतली नाही. दोन्ही कागद ई-मेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा.

केसपेपरबद्दल कळकळीने सांगतो. भरती रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायची असते आणि मागणी आल्यावर ७२ तासांत द्यायची असते, असे २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम सांगतात. (२०२३ चे नवे विनियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच लागू आहेत.) त्या कागदांवर आता पेन टेकवू नका. ऑपरेशनच्या नोंदीत एखादी गोष्ट लिहायची राहिली असेल तर ती आजच्या तारखेच्या शपथपत्रात सांगा. मागाहून घुसवलेली एक ओळ रुग्णाला आधीच दिलेल्या प्रतीशी ताडून पाहिली की उघडी पडते. मग ऑपरेशन किती चोख झाले होते, हे ऐकायला कोणी उरत नाही.

आणखी दोन कलमे डोळ्यांसमोर ठेवा. विनियम ८.६ प्रमाणे व्यावसायिक अक्षमता समव्यावसायिकांच्या गटाने ठरवायची असते. म्हणून समितीने शल्यचिकित्सेतल्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, अशी लेखी मागणी करा आणि ती फेटाळली गेली तर तशी नोंद मागा. विनियम ८.५ खाली चौकशी चालू असताना वादातली शस्त्रक्रिया करण्यास मनाई करता येते. तसा हुकूम तुमची बाजू न ऐकता निघाला तर मात्र थांबू नका. त्याने लगेच पोटावर पाय येतो, आणि अशा वेळी न्यायालयाचे दार लवकर उघडते.

प्रश्न : मी रामदासपेठेत प्रॅक्टिस करणारा सीए आहे. इन्स्टिट्यूटच्या शिस्तपालन समितीने मला दोषी ठरवून एक वर्षासाठी सभासदत्वातून नाव काढले. साक्षीपुरावा झाला त्या दिवशी हजर नसलेले एक सदस्य अंतिम आदेशावर सही करणाऱ्यांत आहेत. आदेशाचा मोठा भाग संचालकांच्या प्राथमिक मतातून जसाच्या तसा उतरवला आहे. अपील करावे की रिट?

तुमचे दोन्ही मुद्दे दमदार आहेत. पण ते सिद्ध कशाने होणार, हे आधी पाहा.

पहिला मुद्दा रोजनाम्याचा. समितीच्या प्रत्येक बैठकीचा रोजनामा असतो आणि तारखेखाली उपस्थितांची नावे असतात. त्याच्या प्रमाणित प्रती आजच मागवा. मग एका कोऱ्या कागदावर तक्ता करा: तारीख, हजर सदस्य, त्या दिवशी काय झाले (साक्ष, उलटतपासणी, युक्तिवाद, तहकुबी), कोणाची सही. हे एक पान याचिकेच्या वीस परिच्छेदांपेक्षा जास्त काम करते. ज्याने ऐकले त्यानेच ठरवावे, हे तत्त्व १९५९ च्या गुल्लापल्ली नागेश्वर राव निकालापासून पक्के आहे. पण सदस्य गैरहजर होते तो दिवस नुसत्या तहकुबीचा निघाला, किंवा नंतर पूर्ण युक्तिवाद त्यांच्यासमोर झाला आणि तुम्ही हरकत घेतली नाही, तर मुद्दा निम्मा होतो. कार्यपद्धतीतल्या प्रत्येक चुकीने आदेश पडत नाही. त्या चुकीने तुमचे काय बिघडले ते दाखवावे लागते. स्टेट बँक ऑफ पतियाळा विरुद्ध एस. के. शर्मा (१९९६) हा निकाल समोरचे वकील हमखास काढतील. ‘त्या दिवशी साक्षीदाराने उलटतपासणीत अमुक कबूल केले, ते या सदस्यांनी ऐकलेच नाही आणि आदेशात ते आलेलेही नाही’, इतके नेमके तुम्हाला म्हणता आले पाहिजे.

दुसरा मुद्दा कारणांचा. संचालकांचे मत प्राथमिक असते: चौकशी करण्याइतके काही आहे का, एवढेच ते सांगते. ते शेवटचे नसते, हे नरेश चंद्र अग्रवाल विरुद्ध इन्स्टिट्यूट (२०२४) या निकालावरूनही दिसते. संचालकांनी सभासद दोषी नाही असे मत दिले तरी शिस्तपालन मंडळ त्याच्याशी असहमत होऊन पुढील चौकशीस सांगू शकते, असे तिथे ठरले. म्हणजे समितीने पुराव्यावर स्वतःचे मत बनवायचे असते. दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवा आणि समान परिच्छेदांना सारख्या रंगाची खूण करा. नंतर बिनखुणेचे काय उरते ते वाचा. तुमच्या लेखी युक्तिवादातल्या एकाही मुद्द्याला तिथे उत्तर नसेल, तर तो आदेश कारणांविना आहे असे म्हणता येते. इन्स्टिट्यूट नंतर शपथपत्रात नवी कारणे देऊन तो सावरू शकत नाही. आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहतो किंवा पडतो, हे मोहिंदर सिंग गिल (१९७८) पासून चालत आले आहे.

या विषयात पायाचा निकाल मुंबईहून गेलेल्या प्रकरणातलाच आहे: इन्स्टिट्यूट विरुद्ध एल. के. रत्न (१९८६). त्या वेळी समिती अहवाल देई आणि दोषी की निर्दोष ते कौन्सिल, म्हणजे इन्स्टिट्यूटचे नियामक मंडळ, ठरवी. समितीत बसलेलेच पदाधिकारी पुन्हा कौन्सिलमध्ये बसत, आणि सभासदाला तिथे म्हणणे मांडू दिले जात नसे. सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचे ठरवले. मुळातच सुनावणी न्याय्य झाली नाही, तर पुढे अपिलात न्याय्य सुनावणी मिळाल्याने ती उणीव भरून निघत नाही, हेही सांगितले. व्यावसायिकाच्या नावाला एकदा डाग लागला की तो अपिलानेही पूर्ण धुतला जात नाही, ही जाणीव त्या निकालात आहे आणि म्हणूनच तो आजही जिवंत आहे. मात्र चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने रचना बदलली. दुसऱ्या अनुसूचीतल्या गैरवर्तनासाठी कलम २१ ब खालची पाच जणांची समिती असते: अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष, कौन्सिलमधून निवडलेले दोन आणि केंद्र सरकारने नेमलेले दोन. हीच समिती दोष ठरवते आणि शिक्षाही देते. त्यामुळे रत्न निकालातला कौन्सिलचा भाग तुम्हाला तसाच्या तसा लागू होणार नाही. तत्त्व लागू होईल. २०२२ मध्येही दुरुस्ती कायदा झाला आहे. तुमच्या आदेशाच्या तारखेला कोणते कलम अमलात होते ते वकिलांकडून तपासून घ्या. तपास करणारे आणि निवाडा करणारे एकच असावेत का, हा वाद अजून चालूच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये लेखापरीक्षकांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाच्या नोटिसा याच कारणावरून रद्द केल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

आता अपील की रिट? कलम २२ जी खाली अपील प्राधिकरणाकडे ९० दिवसांत जाता येते. पुरेसे कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. व्हर्लपूल कॉर्पोरेशन (१९९८) प्रमाणे नैसर्गिक न्याय डावलला असेल तर अपिलाची सोय असतानाही रिट चालते. पण चालते याचा अर्थ न्यायालय ती घेईलच असा नाही. आमचे मत विचाराल तर अपील करा. तिथे पुरावा नव्याने तपासला जाऊ शकतो, शिक्षा कमी होऊ शकते, आणि तुमच्या बचावात हिशेबाचे मुद्देही दिसतात. उच्च न्यायालय पुराव्यात शिरत नाही. शिक्षेला ते हात घालते, पण ती मनाला धक्का बसावा इतकी बेसुमार असेल तरच (बी. सी. चतुर्वेदी, १९९५). शिवाय रिट जिंकलीत तरी बहुधा आदेश रद्द होऊन प्रकरण समितीकडे परत जाते. तुम्ही निर्दोष ठरत नाही. रोजनाम्याचा तक्ता निर्विवाद तुमच्या बाजूने निघाला तरच रिटचा विचार करा. ९० दिवस मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका. अपिलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्या, कारण नुसते अपील दाखल झाल्याने आदेश थांबला असे गृहीत धरता येत नाही.

प्रश्न : इतवारीत औषधाचे दुकान आहे. फार्मसी कौन्सिलने नोंदवहीतून माझे नाव काढण्याचा आदेश दिला. दुकान आजच बंद करावे लागेल का?

आदेशाची तारीख आणि तो कायम झाल्याची तारीख आधी वेगळी करा. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ३६ प्रमाणे कार्यकारी समितीचा आदेश राज्य कौन्सिलने कायम करावा लागतो आणि कायम झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत तो अमलात येत नाही. कायम झाल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील आहे. तीन महिने आहेत म्हणून लोक निवांत राहतात आणि तीस दिवस निघून जातात. दुकानाचा परवाना हा वेगळा विषय आहे. तो अन्न व औषध प्रशासनाकडे असतो. तिकडूनही नोटीस आली असेल तर तिला स्वतंत्र उत्तर द्या, एकाची प्रत दुसऱ्याला पाठवून भागवू नका.

प्रश्न : काटोलच्या जमिनीच्या दाव्यात समोरच्या पक्षाने खोटे शपथपत्र दिले. त्यांच्या वकिलाने शपथपत्रावर ओळख पटवल्याची सही केली आहे. मी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली; ‘तक्रार नामंजूर’ एवढेच कळवले. आता काय?

अॅडव्होकेट्स कायदा १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार आली की ती आपोआप शिस्तपालन समितीकडे जात नाही. गैरवर्तन झाले आहे असे मानण्यास कारण आहे, असे कौन्सिलला आधी वाटले पाहिजे. ही चाळणी दोन्ही बाजूंनी काम करते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याच्या बार कौन्सिलच्या प्रकरणांत तक्रारी रद्द ठरवल्या. कारणे न नोंदवता प्रकरण समितीकडे पाठवता येत नाही. तक्रारदार आणि वकील यांच्यात व्यावसायिक नाते नसेल तर सहसा अशी तक्रार चालत नाही. आणि शपथपत्र करणाऱ्याची ओळख पटवली एवढ्यावरून वकील मजकुराला जबाबदार होत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

तुमची तक्रार नेमकी यातल्या शेवटच्या दोन मुद्द्यांवर अडते, हे स्पष्ट सांगायला हवे. तरीही एका ओळीच्या नकारावर उपाय आहे: कलम ४८ अ खाली भारतीय बार कौन्सिलकडे फेरतपासणीचा अर्ज. कलम ३७ चे ६० दिवसांचे अपील शिस्तपालन समितीच्या आदेशाविरुद्ध असते. तुमचे प्रकरण समितीपर्यंत गेलेलेच नाही. पण खरी दाद दाव्याच्या न्यायालयातच आहे. शपथपत्रातले कोणते विधान खोटे आहे ते सात-बारा, फेरफार आणि मोजणीच्या नकाशाशी ताडून तिथेच अर्ज द्या, आणि शपथपत्र करणाऱ्याची उलटतपासणी मागा.

स्वतःच्या वकिलाविरुद्ध तक्रार असलेल्या तिघांनीही लिहिले आहे. त्यांच्यासाठी: फी भरल्याची पावती, वकीलपत्राची प्रत आणि तारखांचे मेसेज जोडा. कलम ३६ ब प्रमाणे तक्रार एक वर्षात निकाली निघाली पाहिजे, नाहीतर ती भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. म्हणून तक्रार पोचल्याचा शिक्का जपा, वर्ष तिथून मोजले जाते. सनद निलंबित करण्याचा अधिकार बार कौन्सिलचाच आहे. अवमानाची शिक्षा म्हणून सर्वोच्च न्यायालयालाही ती थेट काढून घेता येत नाही, असे १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले आहे.

प्रश्न : नंदनवनमधून लिहिते आहे. आईच्या मृत्यूनंतर मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. दीड वर्षात एकच तारीख लागली. डॉक्टर निर्दोष ठरले तर मला अपील आहे का?

तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा, असे विनियम ८.४ सांगतो. आधी कौन्सिलला लेखी स्मरणपत्र द्या, त्यात तक्रारीची तारीख आणि झालेली एक सुनावणी नमूद करा. उत्तर आले नाही तर विनियम ८.७ चा आधार घेऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे लिहा. तरीही हालचाल नसेल तर ‘इतक्या आठवड्यांत निर्णय द्या’ एवढीच मागणी करणारी रिट करता येते. अशा याचिका लहान असतात. तिच्यात उपचारांतल्या चुकांची पाने भरू नका, कारण न्यायालयाला तिथे फक्त विलंब पाहायचा आहे.

अपिलाच्या बाबतीत तक्रारदारांवर अन्याय होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००२ च्या विनियम ८.८ मध्ये निर्णयाने व्यथित झालेल्या ‘कोणत्याही व्यक्तीला’ ६० दिवसांत अपील होते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये मात्र अपिलाचा हक्क डॉक्टरांपुरता लिहिला आहे, आणि रुग्णांची अपिले या कारणावरून परत पाठवली गेली आहेत. तुमच्याविरुद्ध निर्णय लागला तर ६० दिवसांच्या आत अपील टाकून ठेवा. ते नाकारले गेले तर तो नकार आणि मूळ निर्णय दोन्हींना रिटमध्ये आव्हान द्या. तज्ज्ञाचे मत न घेता किंवा तुम्हाला न ऐकता निर्णय झाला असेल तर तो मुद्दा तिथे चालतो. ‘निर्णय चुकला’ एवढ्यावर चालत नाही.

कौन्सिल नुकसानभरपाई देत नाही. ती ग्राहक आयोगाकडे मागावी लागते आणि तिथे दोन वर्षांची मुदत आहे. कौन्सिलच्या निकालाची वाट पाहत ती मुदत घालवू नका. तुमच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत.

प्रश्न : परिषदेचे कार्यालय मुंबईत, मी यवतमाळला. याचिका कुठे करायची?

अनुच्छेद २२६(२) प्रमाणे दाव्याचे कारण अंशतः जिथे घडले तिथेही जाता येते. उपचार, लेखापरीक्षण किंवा वकिली यवतमाळात झाली असेल तर नागपूर खंडपीठ. विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. मुंबईहून निघालेली नोटीस इथे पोस्टाने मिळाली, एवढ्या एकाच धाग्यावर मात्र विसंबू नका. त्या व्यवहाराचा इथला तपशील, म्हणजे रुग्णालयाचा पत्ता, ऑडिट झालेल्या संस्थेचे कार्यालय, न्यायालयाचे नाव, याचिकेच्या पहिल्या काही परिच्छेदांतच आला पाहिजे.

चौकशीच्या तारखांसाठी मुंबईला जाणे जमणार नसेल तर व्हिडिओद्वारे सुनावणीची मागणी तारखेच्या बरीच आधी लेखी करा आणि तिचे उत्तर मागा. आदल्या रात्री विदर्भ एक्स्प्रेस चुकली म्हणून फोनवर मागितलेली तहकुबी रोजनाम्यात ‘गैरहजर’ एवढीच नोंदली जाते, आणि पुढे न्यायालयासमोर तीच नोंद असते.